खर्चे वकिलांचे फ्यूज

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "ताई, काहीतरी प्रेरणादायी लिहा. महिला असून या क्षेत्रात कशा आलात वगैरे." मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करते. इतकी वर्षं करते, पण माझ्यापासून प्रेरणा घेऊन बुलढाण्यात आणखी कोणी सोल्डरिंग आयर्न हातात धरल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. ज्यांनी पूर्वी धरलं होतं तेसुद्धा ते खाली ठेवून मोबाईलच्या काचा बदलायला लागले. तेव्हा प्रेरणेचं खातं दुसऱ्या लेखकांकडे द्यावं. मी फ्यूजबद्दल लिहिते.

कशी आले हे मात्र सांगून टाकते, नाहीतर मानधनाऐवजी नुसता अंक येईल. संग्रामपूरकडच्या आमच्या गावात विहारातला अ‍ॅम्प्लिफायर ऐन जयंतीच्या तोंडावर बंद पडला. शेगावहून येणारा मिस्त्री आला नाही. मी तेव्हा शाळेत होते. कोणी पाहत नाही असं बघून मी तो उघडला. आत एक तार सुटलेली होती, ती जागेवर बसवली. भोंगा बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांच्या भरवशावर वडिलांनी मला आयटीआयला घातलं. टाळ्यांवर पोट भरत नाही हे त्यांना आणि मला जवळजवळ एकाच वेळी कळलं.

दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. नवं गिऱ्हाईक दारात उभं राहतं, माझ्या डोक्यावरून आत पाहतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठी गेले?"

"इथंच आहेत."

"कुठी?"

"तुमच्या समोर."

मग ते आपलं मशीन छातीशी घट्ट धरतं. बाईच्या हाती अ‍ॅम्प्लिफायर दिला तर ती त्याला फोडणी देईल अशी भीती असावी.

आता फ्यूज. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, मधे केसासारखी तार. मशीनमध्ये येणारी सगळी वीज या तारेतून जाते. आत काही बिघडलं आणि वीज जास्त ओढली गेली, की आधी ही तार वितळते, वीज तुटते आणि मागचं महागाचं सामान वाचतं. फ्यूजचं काम एवढंच. वेळ येईपर्यंत गप्प बसायचं आणि वेळ आली की मरायचं. सरकारी कचेऱ्यांत यातली पहिली अट पाळणारे पुष्कळ भेटतात.

माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेकांना फ्यूज म्हणजे उगाच मधे कडमडणारी वस्तू वाटते. वडनेर भोलजीचा एक लग्नातला साउंडवाला यायचा. त्यानं फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबली होती.

"ताई, फ्यूज सारखा सारखा उडे."

"काऊन उडे ते पाहिलं का?"

"पाहाले टाइम कुठी हाय? नवरदेव घोड्यावर बसेल, लोक नाचून राह्यले."

"मग?"

"मंग चांदी लावली. आता उडत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. फ्यूज उडाला नव्हता, अ‍ॅम्प्लिफायर उडाला होता. झाकण काढलं तेव्हा आतला ट्रान्सफॉर्मर भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता आणि वासही चांगला नव्हता. त्यानं मला विचारलं, "रिपेर होईन ना?" मी म्हटलं, "होईन. भरीत करू."

फ्यूजला इतका मान देणारा की त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायरही फिका, असा एकच माणूस मला भेटला. खर्चे वकील.

आडनाव खर्चे आणि माणूस आडनावाला जागणारा. दिवाणी वकील, साठी ओलांडलेले, पण काळ्या कोटात अजून ताठ. घरी शास्त्रीय गाण्याची आवड. आवड म्हणजे साधी नव्हे. त्यासाठी घरात वेगळी खोली, भिंतींना जाड गालिचे, माणसाच्या उंचीचे स्पीकर आणि एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. तो अ‍ॅम्प्लिफायर खरोखर चांगला होता. असं मशीन हातात आलं की मी आधी हात धुते. तो नीट ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा अभिमान होता, हे उपरोध बाजूला ठेवून सांगते.

एक दिवस वकीलसाहेब दुकानात आले आणि त्यांनी खिशातून मखमली अस्तराची डबी काढली. मला वाटलं, बायकोला, म्हणजे विमलकाकूंना, कानातलं घेतलं. उघडली, तर आत फ्यूज. बुलढाण्याला रेल्वे येत नाही, पण परदेशातला फ्यूज बरोबर पोचतो. त्या एका फ्यूजच्या पैशात साधा अ‍ॅम्प्लिफायर आला असता, आणि त्यात फ्यूज फुकट असतो.

"सुनंदाबाई, हा साधा फ्यूज नाही. हा आवाजासाठी बनवलेला फ्यूज आहे. आणि हे पाहा, यावर बाण आहे. वीज या दिशेनं गेली पाहिजे. उलटा बसवला तर आवाज दाटतो."

"साहेब, आपल्या घरातली वीज एका दिशेनं जातच नाही. सेकंदात पन्नास वेळा जाते आणि पन्नास वेळा परत येते. ती बाण पाहाले थांबत नाही."

"तुमची हरकत नोंदवली," ते म्हणाले. "आता बसवा."

वकिलाशी वाद घालू नये हे मला माहीत आहे. त्यांच्या घरी जाऊन बसवला. पण मनात आलंच. ही वीज कुठल्या तरी केंद्रात कोळसा जाळून तयार होते, टॉवरांवरून डोंगर ओलांडते, गल्लीतल्या त्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते ज्यावर मागच्या उन्हाळ्यात माकड चिकटलं, खांबावरून घरात शिरते, वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगमधून वळसे घेते, आणि शेवटच्या बोटभर अंतरात हा सद्गृहस्थ तिला गंगास्नान घालणार.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "पडदा उठला, सुनंदाबाई! तानपुऱ्याची एकेक तार वेगळी. तबल्यावर बोट घासल्याचं ऐकू येतं. तुम्ही येऊन ऐका."

गेले, ऐकलं. पूर्वी वाजायचं तसंच वाजत होतं, म्हणजे उत्तम. तसं सांगितलं.

"तुमचे कान अजून तयार नाहीत," ते मायेनं म्हणाले.

काही दिवसांनी साहेब पुन्हा हजर. "आवाज परत बसला." मी मशीन तपासलं. मीटर लावला, दोन्ही बाजूंचा आवाज मोजला, सगळं होतं तिथे. पण तोवर दुसरी डबी आलेली होती. हा फ्यूज काचेचा नव्हता, चिनी मातीचा, आणि टोप्यांना सोन्याचं पाणी. बसवला. पडदा उठला. महिन्यानं पडदा पडला. मग तिसरा आला, जो म्हणे कारखान्यात बर्फाहून कितीतरी थंड करून परत गरम केलेला होता. आमच्या बुलढाण्याची हवा थंड म्हणून लोक कौतुक करतात, पण फ्यूजला तेवढी पुरत नसावी.

तिसऱ्या फ्यूजच्या वेळी मला एक गोष्ट दिसली. आवाज कमी-जास्त करायचं बटण पूर्वी जिथे असायचं तिथून बरंच पुढे सरकलेलं होतं. बारीक, धारदार सूर वाढवायचं दुसरं बटण असतं, ते तर पार टोकाला टेकलेलं. विमलकाकू चहा घेऊन आल्या. दरवाजा ओढून घेत हळूच म्हणाल्या, "सुनंदा, आमच्या घरी आता गाणं नाही, वरात असते. शेजारचे इचारतात, कोनाचं लगन हाय?"

याच सुमारास माझ्या दुकानावर गंडांतर आलं. जागेचे मालक तेजराव. त्यांनी दावा लावला की ही जागा त्यांच्या मुलाला चपलांचं दुकान टाकायला हवी आहे, तेव्हा भाडेकरूनं जागा सोडावी. मला खात्री होती की मुलाला चपलांशी काही देणंघेणं नाही, गल्लीचा रस्ता रुंद झाल्यामुळे जागेला भाव आला आहे. पण माझ्या खात्रीला कोर्टात कोण विचारतं? गल्लीत पंचवीस वर्षं माणसं दुकानाची पाटी न वाचता येतात. ती जागा गेली तर मी दुसरीकडे पाटी लावून लोकांनी वाचायची वाट पाहत बसणार होते.

मी विचारायच्या आत खर्चे वकील म्हणाले, "केस माझ्याकडे. माझा मिस्त्री रस्त्यावर आला तर माझा अ‍ॅम्प्लिफायर कोण पाहील?"

मी निश्चिंत झाले. तो निश्चिंतपणा पुढच्या आठवड्यापर्यंत टिकला.

त्या दिवशी मी एक लहान स्पीकर तपासत होते. बारीक सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर असतो. तो नीट आहे का हे पाहायला एका यंत्रातून त्यात शिट्टीसारखा सूर सोडतात आणि तो सूर चढवत नेतात. वकीलसाहेब समोर स्टुलावर बसून मला चौथ्या फ्यूजचे गुण सांगत होते. सूर चढला. चहावाल्या सलीमभाईंनी किटली खाली ठेवून दोन्ही कानांत बोटं घातली. "या अल्ला, ताई, बंद करा ना!" दारात झोपलेलं कुत्रं उठलं, माझ्याकडे तिरस्कारानं पाहिलं आणि निघून गेलं. माझेच दात आंबले. आणि वकीलसाहेब शांतपणे बोलत होते, "...त्यामुळं काय होतं, सुनंदाबाई, बारीक सुरांना एक तकाकी येते."

मी सूर आणखी मोठा केला.

"काय पाहून राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब." मी यंत्र बंद केलं. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, वकीलसाहेबांकडे पाहिलं आणि किटली उचलली.

म्हणजे मशीन ठणठणीत होतं, फ्यूजही ठणठणीत होते, सगळ्यांत आधीचा साधा, स्वस्तातला होता तोसुद्धा. साहेबांचे कान चालले होते. वय झालं की बारीक सूर आधी जातात. मग बोलण्यातली धार जाते, माणसं पुटपुटल्यासारखी वाटतात. ते अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तकाकी शोधत होते, आणि मी बाण पाहून फ्यूज बसवत होते.

आता सांगायचं कसं? हा माणूस माझा वकील होता. दुखावला आणि केस सोडली तर दुकान गेलं. दुखावला नाही आणि ऐकू न येता केस चालवली तरी दुकान गेलं. मी मधला मार्ग काढला. म्हटलं, "साहेब, मशीन मी पुरतं तपासलं. मशीनमध्ये दोष नाही. आता ऐकणाऱ्या बाजूनं पाहायला पाहिजे."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "मलाही तीच शंका होती."

मला हायसं वाटलं. पंधरवड्यात त्यांनी स्पीकरच्या वायरी बदलल्या. नव्या वायरी बागेला पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड होत्या आणि त्यांच्यावरही बाण होते. ऐकणारी बाजू म्हणजे त्यांच्या मते ती.

मग मी काकूंना गाठलं. काकू म्हणाल्या, "मले काय सांगतं? मी सांगून थकली. म्हनतात, तूच हळू बोलतं. तू सांग, तू मशीनवाली हायेस."

"मी मशीनचं सांगते काकू. माणसाचं कसं सांगू?"

"मंग राहू दे," काकू म्हणाल्या. "आपन दोघी बी घाबरट."

कोर्टात तारीख लागली. न्यायाधीश बाई होत्या. मॅडमचा आवाज अगदी मऊ, कुणाच्या झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा. त्यांनी विचारलं, "पुढची तारीख सोमवारची चालेल?" खर्चे वकील ताडकन उठले आणि म्हणाले, "नाही मॅडम, आम्हाला तडजोड मान्य नाही." कोर्टात हशा पिकला. साहेबांनाही वाटलं की त्यांनी काहीतरी चांगला टोला हाणला, तेही हसले. मी मागच्या बाकावर बसून हसले नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "या कोर्टातला माइक फार वाईट आहे. तुम्ही पाहा एकदा." मी पाहिला होता. त्या कोर्टात माइकच नव्हता.

मग तेजरावांच्या उलटतपासणीचा दिवस आला. उलटतपासणी म्हणजे समोरच्या माणसाला आपल्या वकिलानं प्रश्न विचारायचे. तो जे बोलतो ते न्यायाधीश टायपिस्टला सांगतात, आणि कागदावर उतरतं तेवढंच खरं. जे उतरलं नाही ते बोललंच गेलं नाही. माझ्या धंद्यात उलट असतं. मशीन जे करतं ते खरं, कागदावर काहीही छापलेलं असो.

तेजराव पिंजऱ्यात उभे राहिले. डोक्यावर पंखा खडखडत होता.

"या जागेत तुमचा मुलगा चपलांचं दुकान टाकणार, असं तुमचं म्हणणं आहे?" खर्चे वकिलांनी विचारलं.

"हाव."

"केव्हा टाकणार?"

तेजराव खाली पाहून स्वतःशीच पुटपुटले, "टाकते कायचा, तो पुण्याहून इकडं फिरकत नाही."

त्यांच्या वकिलानं छताकडे पाहिलं. मॅडम एक कागद वाचत होत्या. टायपिस्टची बोटं थांबलेली होती. आणि खर्चे वकिलांनी पान उलटलं. "बरं. आता आपण जागेच्या मापाकडे येऊ."

माझी अख्खी केस त्या पुटपुटण्यात होती आणि ती पंख्याच्या खडखडीत विरून चालली होती. मी उभी राहिले. उभं राहायचं असं काही ठरवलं नव्हतं.

"मॅडम, ते बोलले!"

मॅडमनी वर पाहिलं. "बाई, खाली बसा. तुमचे वकील बोलताहेत."

खर्चे वकील वळले. चेहरा लाल. "सुनंदाबाई, बसा खाली."

"साहेब, त्यानं उत्तर देलं. तुम्हाले ऐकू नाही आलं."

बोलून गेले. जे बायकोला घरात जमलं नव्हतं ते मी भर कोर्टात, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर, इतर चार वकिलांसमोर बोलून गेले. वकीलसाहेब हातातले कागद धरून उभे होते.

समोरच्या वकिलाला आनंद आवरेना. "मॅडम, पक्षकारच आपल्या वकिलांचा अपमान करताहेत. हे काही बरोबर—"

"अपमान नाही," खर्चे वकील म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "मॅडम, माझ्या पक्षकार खरं बोलल्या. मला कमी ऐकू येतं. साक्षीदाराजवळ उभं राहून प्रश्न विचारायची परवानगी मिळावी, ही विनंती."

मग मॅडम, ज्यांचा आवाज मी कधी मोठा ऐकला नव्हता, अगदी स्पष्ट म्हणाल्या, "परवानगी आहे. साक्षीदारानं मोठ्यानं बोलावं. आणि बाई, तुम्ही आता खरंच बसा."

साहेब पिंजऱ्याला चिकटून उभे राहिले. "आत्ता काय म्हणालात?"

"काई नाही," तेजराव मोठ्यानं म्हणाले. "मी काई बोललोच नाही."

झालं. माझी अब्रू गेली, साहेबांची गेली, आणि हातात काही नाही. मला वाटलं, आता उठून जावं.

पण साहेब रागावले नाहीत. त्यांचा स्वर उलट मवाळ झाला. "नाही बोललात. ठीक. मुलाला दुसरं काही जमलं नाही म्हणून चपलांचं दुकान, असंच ना?"

"जमलं नाही म्हंजे?"

"म्हणजे शिक्षण कमी असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यांचीच मुलं शिकत नाहीत."

"कोन म्हनते कमी?" तेजरावांची मान वर झाली. "इंजिनेर हाय तो!"

त्यांचा वकील घाईघाईनं उठला. "मॅडम, हरकत—"

"असेल इंजिनिअर," साहेब सहानुभूतीनं म्हणाले. "पण नोकरी कुठे मिळते हो आजकाल? घरोघरी इंजिनिअर बसून आहेत."

"बसून? माहा पोरगा बसून?" तेजरावांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात आपटला. "पुन्यात मोठ्या कंपनीत हाय तो! सोताचा फ्लॅट हाय! त्याले न्याले कंपनीची गाडी येते! सून बी तिथंच नोकरीले हाय! बसून म्हनते!"

या वेळी ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. तेजरावांचा आवाज चिखली रोडपर्यंत गेला असावा.

"वा," साहेब म्हणाले. "अभिनंदन. मग हा पुण्यातला इंजिनिअर सगळं सोडून बुलढाण्यात चपला विकायला कधी येणार, तेवढं सांगा."

तेजराव बोलायला गेले आणि थांबले. त्यांच्या वकिलानं कपाळाला हात लावला होता. मॅडम टायपिस्टला एकेक वाक्य सावकाश सांगत होत्या. नोकरी, फ्लॅट, गाडी, सून, सगळं कागदावर उतरलं.

मला मशीनमधला दोष शोधता येतो. पण बापाचा अभिमान कुठे दाबला की बोलू लागतो, हे मला सात जन्मात सापडलं नसतं. त्यासाठी कान लागत नाहीत. काय लागतं ते त्या दिवशी समोर पाहिलं.

काही महिन्यांनी दावा फेटाळला गेला. तेजराव अपील करणार असं सगळ्यांना सांगतात. मुलगा अजून पुण्यातच आहे.

पण त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडल्यावर वकीलसाहेब माझ्याशी एक शब्द न बोलता गेले. नंतर बरेच दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. गल्लीतून जाताना दिसायचे. बरोबरचे वकील त्यांच्याशी मुद्दाम मोठ्यानं, तुटक बोलायला लागले होते, लहान मुलाला समजवावं तसं. कमी ऐकू येतं म्हणजे कमी समजतं, अशी सुशिक्षित लोकांत समजूत आहे. साहेब मान हलवत पुढे जायचे. मी पाहायचे आणि केस सावरल्याचा आनंद मला होत नसे. ते बोलणं मी बोलले नसते तर? उत्तर मला माहीत होतं, तरी प्रश्न जात नव्हता.

मग एका दुपारी काकू आल्या. "अकोल्याले नेलं होतं. कानाचं मशीन घेतलं. दोन्ही कानाले."

"साहेब रागावले का माझ्यावर?"

"तुयावर काऊन रागावतील? माह्यावर रागावले. म्हनतात, तू आधी काऊन नाही सांगतलं? आता मी काय सांगू, सुनंदा? इतके वर्षं सांगून राह्यली, पर यायलेच ऐकू नाही आलं!" काकू हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "आणि आता तं मोठीच पंचाईत झाली. स्वयंपाकघरात मी काय पुटपुटते ते बी ऐकू येते."

दोन-तीन दिवसांनी साहेबांचा निरोप आला, मशीन पाहायला या.

गेले. साहेब खुर्चीत बसलेले, दोन्ही कानांमागे राखाडी रंगाचं काहीतरी चिमुकलं. मी अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढायला बसले, तर म्हणाले, "राहू द्या. मशीन चांगलं आहे. बसा. एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. त्या फ्यूजनं काही फरक पडला का?"

"नाही साहेब."

"मोजून पाहिलं?"

"दरवेळी पाहिलं. काडीचा फरक नव्हता."

मला वाटलं, आता हरकत नोंदवतील.

"मले पडला," ते म्हणाले. कोर्टातली भाषा गेली होती. "नवा फ्यूज टाकला की मी फोन बंद करून, डोळे मिटून बसायचो. एकेक सूर शोधत ऐकायचो. मंग चार दिवसांनी पुन्हा डोक्यात फायली, आणि गाणं तिकडं वाजून राह्यलं."

"पण कान जाऊन राह्यले हे तुम्हाले कळत होतं का?"

"मी वकील आहे, सुनंदाबाई. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या विरुद्ध जाईल, तो प्रश्न आमच्यात विचारत नाहीत."

त्यांनी उठून गाणं लावलं. सवयीनं बटण फिरवलं आणि दचकले. "बापरे!" मग ते बटण मागे, आणखी मागे घेत गेले. खोलीत इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. तानपुरा, मग एका बाईचा आवाज. स्वयंपाकघरातून काकू हात पुसत धावत आल्या.

"काय झालं? बिघडलं का?"

"नाही," साहेब म्हणाले. "बस."

काकू दाराशीच खाली बसल्या. कडेला बसायचं, कोणी बोलावलं तर उठायचं, असं बसणं. पण साहेबांनी डोळे मिटले होते.

मला गाण्यातलं कळत नाही. धंद्याची सवय अशी, की दुरुस्ती झाली की एखादं गाणं जरा वेळ लावायचं, दोन्ही बाजूंनी आवाज येतो ना ते पाहायचं आणि पिन काढायची. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर एक गाणं पुरं वाजलेलं नाही. शास्त्रीय गाणं एवढं लांब असतं हे मला त्या दिवशी कळलं. ती बाई एकच ओळ घेऊन तिच्याभोवती फिरत होती, कुठे जायची घाई नसल्यासारखी.

काकूंनी आत चहा ठेवलेला होता. तो उकळला, मग आटला, मग पातेल्याचा करपल्याचा वास खोलीपर्यंत आला. तिघांनाही आला. कोणी उठलं नाही.